वेळेआधी जन्मलेलं मूल आणि शाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे साधारण दोनदा येतात. एकदा शाळेत घालायच्या तोंडावर, आणि मग थेट तिसरी-चौथीत, गणित अडकल्यावर. मधली वर्षं सगळं ठीक चाललंय असं घरालाही वाटत असतं आणि शाळेलाही, कारण मूल बोलतं, पळतं आणि वर्गात गुमान बसतं. मी डॉक्टर नाही. अभ्यासात अडखळणाऱ्या मुलांना शिकवते. त्यामुळे औषधपाण्याबद्दल इथे काही मिळणार नाही. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांना मी देते ती उत्तरं तेवढी लिहिली आहेत.

वेळेआधी म्हणजे नेमकं किती आधी?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत. त्यातही तीन गट करतात: २८ आठवड्यांच्या आतली बाळं, २८ ते ३२ मधली आणि ३२ ते ३७ मधली. शाळेच्या दृष्टीने या तीन गटांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जगात दर दहा बाळांमागे साधारण एक वेळेआधी येतं. २०२० साली अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली. त्यातली बहुतेक तिसऱ्या गटातली.

'सातमाशी', 'आठमाशी' हे शब्द बोलायला ठीक आहेत, हिशेबाला नाहीत. महिन्यांत बोललं की तीन-चार आठवडे सहज इकडेतिकडे होतात, आणि इथे एकेका आठवड्याला किंमत आहे. म्हणून मी आठवडे विचारते. (आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्त धोक्यात असतं, ही समजूत प्राचीन ग्रीकांच्या वैद्यकीय लेखनातही सापडते. एवढी जुनी असली तरी चूकच आहे.) जन्माचं वजन ही आणखी वेगळी गोष्ट. काही बाळं पूर्ण दिवसांची असूनही वजनाने कमी भरतात. दोन्ही आकडे माहीत असलेले बरे.

अशी मुलं अभ्यासात मागे पडतातच का?

नाही. पण 'काही फरक पडत नाही, मोठं झालं की सगळं भरून निघतं' हेही खरं नाही, आणि नातेवाईक धीर द्यायला नेमकं हेच सांगतात.

आधी कठीण टोक बघू. युनायटेड किंग्डम आणि आयर्लंडमध्ये १९९५ साली २६ आठवड्यांच्याही आत जन्मलेल्या मुलांचा एपिक्युअर नावाचा मोठा अभ्यास झाला. ती मुलं ११ वर्षांची झाली तेव्हा त्यांतली सुमारे १३ टक्के विशेष शाळेत होती, आणि नेहमीच्या शाळेत असलेल्यांपैकी ५७ टक्क्यांना काही ना काही जादा शैक्षणिक मदतीची गरज होती. ही अगदीच लवकर आलेली बाळं, हे विसरू नका. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांवरचे ७१ अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये हिशेब मांडला गेला, तेव्हा बुद्ध्यंकाच्या चाचणीत त्यांची सरासरी पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा सुमारे १३ गुणांनी कमी भरली. १९९० ते २००८ या काळात बाळं वाचवण्याचं तंत्र खूप पुढे गेलं, पण हा फरक काही कमी झालेला दिसला नाही. मला स्वतःला हे वाचून वाईट वाटलं होतं.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात १९९२ ते २००२ दरम्यान जन्मलेल्या १३ लाख मुलांच्या जन्माच्या आणि शाळेच्या नोंदी जोडून पाहिल्या. २३ आणि २४ आठवड्यांची, म्हणजे तळहातावर मावतील अशी बाळं, त्यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश बालवर्गात वेळेवर बसायला तयार ठरली. त्यांतली सुमारे २ टक्के तर विशेष हुशार मुलांच्या यादीत गेली.

सरासरीचा अर्थ एवढाच की पूर्ण रांग थोडी मागे सरकलेली आहे. तुमचं मूल रांगेत कुठे उभं आहे हे सरासरी सांगत नाही. ते वहीत दिसतं.

आमचं बाळ ३५ आठवड्यांचं, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) चारच दिवस होतं. आम्हाला हे वाचायची गरज आहे?

आहे, पण घाबरायची नाही.

स्कॉटलंडमध्ये २००५ च्या शालेय गणनेतल्या चार लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी त्यांच्या जन्माच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. शाळेत विशेष मदत लागणाऱ्या मुलांचं प्रमाण पूर्ण दिवसांच्या मुलांत ४.७ टक्के निघालं, वेळेआधीच्यांत ८.४ टक्के. म्हणजे वेळेआधीच्या शंभरातल्या ९० हून अधिक मुलांच्या नावापुढे अशी नोंदच नव्हती. ४० आठवड्यांच्या मुलांशी तुलना केली तर ३३ ते ३६ आठवड्यांच्या मुलांत ही शक्यता साधारण दीडपट होती, आणि २४ ते २७ मध्ये जवळपास सातपट.

त्या अभ्यासातली मला सगळ्यात चटका लावून गेलेली गोष्ट वेगळीच आहे. ३७ ते ३९ आठवड्यांची मुलं, ज्यांना आपण डोळे झाकून 'पूर्ण दिवसांची' म्हणतो, त्यांच्यातही धोका जरासा वाढलेला होता. एकेका मुलाच्या पातळीवर नगण्यच. पण अशी मुलं संख्येने इतकी असतात, की विशेष मदत लागण्याच्या एकूण प्रकरणांत त्यांचा वाटा ३७ आठवड्यांच्या आतल्या मुलांपेक्षा मोठा निघाला. दिवस भरणं ही दिवा लागला की उजेड अशी गोष्ट नाही, हळूहळू फटफटत जाणारी पहाट आहे. ३४ आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण ६५ टक्केच असतं. उरलेलं काम बाहेर, दिव्यांच्या उजेडात आणि यंत्रांच्या आवाजात व्हायचं असतं.

तेव्हा ३५ आठवड्यांच्या मुलाच्या बाबतीत माझं सांगणं एवढंच: शाळेची पहिली वर्षं डोळा ठेवा आणि अडलं तर 'लहान आहे अजून' म्हणून ढकलू नका.

जन्माच्या वेळी घडलेली गोष्ट आठ वर्षांनी गणितात कशी काय दिसते?

गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूचा पृष्ठभाग गुळगुळीतचा सुरकुतलेला होतो, घड्या पडत जातात. आतल्या भागात एका ठिकाणाहून दुसरीकडे निरोप नेणारे तंतू तयार होत असतात आणि त्यांच्यावर पुढे जे स्निग्ध आवरण चढायचं असतं, ते बनवणाऱ्या कोवळ्या पेशी याच काळात सगळ्यात हळव्या असतात. प्राणवायू कमी पडला, संसर्ग झाला, तर फटका त्यांना बसतो. काही बाळांना मेंदूत रक्तस्राव होतो, तो सोनोग्राफीत दिसतो. पण पुष्कळांची सोनोग्राफी स्वच्छ असते आणि तरी निरोप पोचायला एक क्षण उशीर लागतो.

तो एक क्षण बोलताना कळत नाही. पहिलीतही फारसा जाणवत नाही, कारण पहिलीत एका वेळी एकच गोष्ट करायची असते. तिसरी-चौथीत एकदम तीन गोष्टी डोक्यात धरून चौथी करायची वेळ येते. तिथे तो दिसतो.

गणितच का? वाचन तर छान आहे.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. एक मुलगी डोळ्यांसमोर आहे. ३० आठवड्यांची जन्मलेली, चौथीत, गोष्टीची पुस्तकं फडशा पाडल्यासारखी वाचणारी. तिच्या वहीत वजाबाकीचं पान लाल झालं होतं. मी तिला ४२ वजा १७ मांडायला सांगितलं आणि मोठ्याने बोलत करायला लावलं. 'दोनातून सात जात नाहीत. शेजारून एक दशक घेतला. बारातून सात गेले, पाच.' इथपर्यंत बिनचूक. मग ती डावीकडे वळली. चाराकडे पाहिलं, एकाकडे पाहिलं, आणि लिहिलं तीन. उत्तर ३५.

तिला वजाबाकी येत नव्हती का? उत्तम येत होती. बारातून सात काढायला जी दोन-तीन सेकंदं गेली, तेवढ्यात चाराचे तीन झालेत ही गोष्ट डोक्यातून निसटली. मी तिला एकच सवय लावली: दशक घेतला की लगेच चारावर काट आणि वर तीन, मगच पुढे. डोक्यात धरायचं ते कागदावर ठेवायचं. चौकटीची वही दिली, म्हणजे आकडे एकाखाली एक राहतील. त्या दिवशी पुढची सहाही गणितं बरोबर आली. तिला याआधी वर्षभर पाढे पाठ करायला लावले होते.

इंग्लंडमध्ये ८ ते १० वर्षांच्या, ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष याच वळणाचा आहे. या मुलांचं गणित अडतं ते डिस्कॅल्क्युलियात, म्हणजे मुळात संख्याच कळायला अवघड जातात तेव्हा, अडतं तसं नाही. संख्यांची समज असते. कमी पडते ती वर्किंग मेमरी, म्हणजे काम चालू असताना तात्पुरतं लक्षात ठेवण्याची ताकद, आणि जागेची जाण: कुठला आकडा कुठे, आकृती फिरवली की कशी दिसेल, वगैरे. म्हणून जादा सराव देऊन थोडाच फायदा होतो. कामाची मांडणी बदलली की जास्त होतो.

आणि गणित सोडून देण्यासारखं नाही. ब्रिटनमध्ये १९५८ आणि १९७० साली जन्मलेल्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून जमवलेल्या माहितीवरून असं दिसलं, की वेळेआधी जन्मलेल्यांच्या मोठेपणीच्या आर्थिक स्थितीत जो फरक पडतो, त्याचा बराचसा धागा शाळेतल्या गणितातून जातो.

वर्गात अगदी शांत असतो, कुणाला त्रास नाही. मग बाई 'लक्ष नाही' का म्हणतात?

कारण दोन्ही खरं आहे.

लक्ष नसलेलं मूल म्हटलं की आपल्यासमोर बाकावर उभं राहणारं, शेजाऱ्याची पेन्सिल ओढणारं पोर येतं. वेळेआधी जन्मलेल्या मुलांत एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या अडचणीचं, प्रमाण जास्त असतं, ३२ आठवड्यांच्या आतल्यांत सुमारे तिप्पट. पण त्यात बहुतेकदा दंगा नसतो. मूल खिडकीबाहेर बघतं. तीन सूचना दिल्या तर पहिली पाळतं आणि थांबतं. त्याच्या जोडीला बऱ्याचदा एक प्रकारची धास्ती असते आणि मित्र जोडायला अवघड जातं. संशोधक या तिन्हींना, म्हणजे लक्ष न टिकणं, काळजी आणि मुलांत मिसळायला अडचण यांना, एकत्रच धरतात, इतकी ती जोडीने दिसतात. मारामारी, उलट बोलणं, नियम मोडणं हे प्रमाण मात्र वाढलेलं नसतं.

आता ४० मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. मदत कुणाला मिळते? जो गोंधळ घालतो त्याला. त्याच्याकडे बघावंच लागतं. ३१ आठवड्यांचा तो मुलगा मागून दुसऱ्या बाकावर मान हलवत बसलेला असतो, 'समजलं का' विचारलं की सगळ्यांबरोबर 'हो' म्हणतो, आणि प्रगतिपुस्तकावर 'स्वभावाने शांत, अधिक प्रयत्न आवश्यक' असा शेरा घेऊन घरी येतो. एका आईने मला तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं दाखवली होती. तिन्हींवर जवळपास हाच शेरा, तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. तिसऱ्या वर्षी फक्त 'आळस सोडावा' जास्तीचं. त्या मुलात आळस नावालाही नव्हता. तासाभराच्या कामानंतर तो कपाळाला हात लावून बसायचा, एवढं त्याला ते लागायचं.

हे सगळं पान लिहायचं कारण खरं तर हा एकच प्रश्न आहे. शांत मूल सुटून जातं, आणि वेळेआधी जन्मलेली मुलं बहुतेक शांत असतात.

अक्षर घाणेरडं आहे, लिहायला फार वेळ लागतो.

आधी डोळे तपासा. वेळेआधीच्या बाळांच्या दृष्टिपटलाची तपासणी एनआयसीयूत होते, पण ती आरओपी नावाच्या आजारासाठी. चष्म्याचा नंबर आणि तिरळेपणा नंतर येतात, आणि ते या मुलांत जास्त आढळतात. कानही एकदा तपासून घ्या. फळ्यावरचं नीट दिसत नसलेल्या मुलाला मी 'लक्ष दे' म्हणत बसले होते, असा माझाही एक लाजिरवाणा प्रसंग आहे.

डोळे ठीक असतील तर हातांच्या हालचालींचा समन्वय बघायला हवा. तो जमत नसेल तर त्याला डिस्प्रॅक्सिया म्हणतात. ३२ आठवड्यांच्या आतल्या मुलांत त्याची शक्यता सुमारे सहापट असते. बुटाची नाडी, शर्टाची बटणं, कात्री, चेंडू झेलणं, सगळीकडे थोडंथोडं अडतं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून हालचालींचा सराव करून घेणारे तज्ज्ञ, यात खरोखर मदत करतात. शाळेत तोवर फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी छापील कागद द्यावा. सुंदर अक्षरासाठी दहा-दहा पानं लिहून घेणं थांबवलं तर फार बरं.

दोन वर्षांच्या तपासणीत सगळं नॉर्मल होतं. मग आता हे कुठून आलं?

आलं नाही, होतंच. दोन वर्षांचं मूल चालतंय, दोन शब्द जोडतंय, ठोकळ्यावर ठोकळा ठेवतंय, एवढंच पाहता येतं. त्या वयात कुणी वर्किंग मेमरी मागत नाही. मोठे दोष तेव्हा कळतात, बारीक अडचणी कळत नाहीत. उलटही घडतं: दोन वर्षांच्या तपासणीत मागे दिसलेली बरीच मुलं शाळेत बरी निघतात. तो कागद दोन वर्षांपुरता खरा होता. पाचव्या वर्षी, म्हणजे शाळेच्या आधी, एकदा आणि आठव्याच्या आसपास पुन्हा एकदा बालविकासतज्ज्ञाकडून तपासून घ्यावं, असं माझं मत.

वय कुठलं धरायचं, जन्माचं की अपेक्षित तारखेचं?

विकास मोजताना दोन वर्षांपर्यंत अपेक्षित तारखेपासूनचं, ज्याला डॉक्टर करेक्टेड एज म्हणतात. त्यानंतर बहुतेक ठिकाणी जन्मतारीखच धरतात. शाळेच्या कागदावरही तीच.

मग शाळेत एक वर्ष उशिरा घालावं का?

यावर माझ्याकडे ठाम उत्तर मागायला येतात आणि मी अर्धवट देते.

इंग्लंडमधल्या एका अभ्यासात असं दिसलं, की वेळेआधी जन्मल्यामुळे जी मुलं अपेक्षेपेक्षा एक वर्ष वरच्या वर्गात जाऊन बसतात, ती जास्त अडखळतात. समजा प्रवेशाची सीमारेषा ऑगस्टअखेर आहे, बाळ नोव्हेंबरमध्ये यायचं होतं आणि ऑगस्टमध्ये आलं. आता ते वर्गातलं सगळ्यात धाकटं, आणि वर तीन महिने कच्चं. अशा मुलाला थांबवण्यात अर्थ आहे.

पण जर्मनीतल्या बव्हेरियात प्रवेशाचे नियम बदलल्यामुळे आयताच एक प्रयोग घडला. तिथे उशिरा शाळेत गेलेल्या वेळेआधीच्या मुलांना पहिलीच्या वर्गात शिक्षकांकडून काही चांगले गुण मिळाले नाहीत, आणि आठव्या वर्षी घेतलेल्या चाचण्यांत ती मागेच दिसली. सरळ आहे, समवयस्क मुलं एक वर्ष जास्त शिकली होती. थांबलेल्या वर्षात मूल घरी नुसतं मोठं होतं. वर्किंग मेमरी वाट बघून वाढत नाही.

म्हणून मी विचारते: जन्मतारीख सीमारेषेच्या अगदी अलीकडे आहे का, आणि अपेक्षित तारीख पलीकडे? असेल तर थांबा. नसेल तर शाळेत घाला आणि मदत पहिल्या दिवसापासून मागा.

शाळेला सांगावं का? उगाच शिक्का बसेल.

सांगा. शिक्का नाही तरी बसतोच, तो 'आळशी' असा असतो.

शिक्षकांना याची माहिती नसते, हा त्यांचा दोष नाही. शिक्षक-प्रशिक्षणात हा विषय बहुतेक येतच नाही. इंग्लंडमध्ये २०१९ साली खास शिक्षकांसाठी यावर मोफत ऑनलाइन पाठ तयार केला गेला तो याच कारणाने.

फक्त सांगायची पद्धत बदला. एनआयसीयूची कहाणी सांगत बसलात तर बाई हळहळतील आणि विसरतील. एका कागदावर चार ओळी द्या. उदाहरणार्थ: 'आमची मुलगी ३० आठवड्यांची जन्मली. डोळे आणि कान तपासलेले आहेत, ठीक आहेत. तीन सूचना एकदम दिल्या की तिसरी निसटते, एकेक दिली की सगळ्या होतात. फळ्यावरून उतरवायला वेळ लागतो. पुढच्या बाकावर बसवलंत तर बरं होईल. समजलं का असं विचारलं तर ती हो म्हणते, त्याऐवजी करून दाखव म्हणावं.' शेवटची ओळ सगळ्यात कामाची. दर वर्षी नव्या बाईंना नवा कागद, कारण आधीच्या बाई पुढच्यांना सांगतील हा भरवसा मी सोडून दिला आहे.

घरी आम्ही काय करू शकतो? क्लास लावू का?

क्लासची घाई नको. शाळेतल्या पाच तासांनी दमलेल्या मुलाला सहावा तास म्हणजे शिक्षा.

बव्हेरियातल्याच १९८५-८६ साली जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा वर्षानुवर्षं झाला. त्यात सहा वर्षांच्या मुलाला आईबरोबर एक काम करायला देऊन त्यांच्यातलं वागणं नोंदवलं होतं. ज्यांचे पालक मुलाच्या कलाने घेत होते, अडलं तिथे थोडंसं सुचवून पुन्हा हात काढून घेत होते, ती वेळेआधीची मुलं तेराव्या वर्षी अभ्यासात पूर्ण दिवसांच्या मुलांच्या बरीच जवळ आली होती. मूल जसं मोठं होतं तसा जन्माच्या गुंतागुंतीचा प्रभाव ओसरत जातो आणि घराचा वाढतो, हेही अनेक अभ्यासांतून आलेलं आहे.

यात अवघड भाग 'हात काढून घेण्याचा' आहे. ज्या बाळाला काचेच्या पेटीत नळ्या लावलेल्या पाहिलंय, त्याच्या बुटाची नाडी बांधायला आई धावतेच. मी समजू शकते. तरी नाडी त्याची त्याला बांधू द्या, बस सुटली तरी चालेल.

बोटांवर मोजू द्या. झोप पुरी होऊ द्या. रात्री गोष्ट वाचून दाखवा, मूल स्वतः वाचायला लागलं तरीही. एवढं पुरे.

मेंदूचे खेळ, स्मरणशक्तीची अ‍ॅप्स?

पैसे वाचवा. ऑस्ट्रेलियात २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या सात वर्षांच्या मुलांना संगणकावर कित्येक आठवडे वर्किंग मेमरीचं प्रशिक्षण देऊन पाहिलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून. दोन वर्षांनी वाचन, गणित, शुद्धलेखन, कशातच फायदा दिसला नाही. मूल त्या खेळात तरबेज होतं, एवढंच.

बाळ पेटीत असताना आम्ही काही वेगळं केलं असतं तर?

हा प्रश्न आया विचारतात, आणि बहुतेक वेळा बाबा बाहेर फोनवर असताना. वेळेआधी प्रसूती होण्याचं कारण कित्येकदा डॉक्टरांनाही सापडत नाही. जिना चढल्याने किंवा पाण्याची बादली उचलल्याने हे झालं का, याचा विचार करून हाती काही लागत नाही.

ज्यांचं बाळ आत्ता एनआयसीयूत आहे त्यांच्यासाठी मात्र एक गोष्ट ठोस आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली पेट्या कमी पडत होत्या म्हणून बाळांना आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधायला सुरुवात झाली. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. तिथल्या मुलांना वीस वर्षांनी पुन्हा शोधून तपासलं, तेव्हा छातीशी वाढलेली मुलं शाळा कमी बुडवत होती आणि त्यांच्यातली चंचलता व आक्रमकता कमी होती. बाबाच्या छातीशीही चालतं.

घरी आल्यानंतरच्या मदतीचं चित्र संमिश्र आहे. अमेरिकेत १९८५ पासून ९८५ बाळांवर एक मोठा प्रयोग झाला: घरी भेटी, बालकेंद्र, वयाच्या तीन वर्षांपर्यंत. तिसऱ्या वर्षी फायदा स्पष्ट होता. अठराव्या वर्षी तो फक्त जन्मतः थोड्या जास्त वजनाच्या, २ किलोवरच्या मुलांत टिकलेला दिसला. तीन वर्षांनी मदत थांबवायची नसते, असा मी त्याचा अर्थ लावते.

पुढे काय? दहावी-बारावी होईल ना?

कॅनडात १९७७ ते १९८२ दरम्यान एक किलोच्या आत वजनाने जन्मलेली मुलं विशी ओलांडल्यावर तपासली, तेव्हा त्यांतली ८२ टक्के शालान्त शिक्षण पुरं करून बसली होती. नेहमीच्या वजनाच्या मुलांत तो आकडा ८७ होता. आजच्यापेक्षा कितीतरी कमी साधनांच्या काळातली मुलं ही.

(न्यूटनचं नाव घेऊन धीर देणारे फॉरवर्ड मलाही येतात. तो वेळेआधी जन्मला आणि एका मगात मावला असता असं त्यानेच पुढे सांगितल्याचं म्हणतात. छान आहे. पण तुमच्या मुलाला न्यूटन व्हायचं नाहीये, त्याला हातच्याची बेरीज जमायला हवी आहे.)

हॉस्पिटलची जुनी फाइल किती वर्षं जपायची?

शाळा संपेपर्यंत तरी. जन्माचे आठवडे, वजन, मेंदूच्या सोनोग्राफीचा अहवाल, डोळे आणि कानांची तपासणी, किती दिवस व्हेंटिलेटर होता, एवढं असलेलं डिस्चार्ज कार्ड कधी लागेल सांगता येत नाही. पाचव्या वर्षीचे तज्ज्ञ ते मागतात. मोठ्या परीक्षेत जादा वेळ मागायची वेळ आली तर तेव्हाही ते हाताशी असलेलं बरं, आणि तोवर घर दोनदा बदललेलं असतं.

त्या फाइलमधले काही कागद यंत्रातून निघालेले, गुळगुळीत, उष्णतेने छापलेले असतात. सात-आठ वर्षांत ते कोरे पडतात. आजच त्यांची झेरॉक्स काढा.